खुर्चीचा उजवा हात

मिशिगनच्या पार उत्तरेला, जिथे नकाशात
जमिनीपेक्षा तळंच जास्त दिसतं,
तिथे आमच्या मागच्या अंगणात
रेइनोने स्वतः रंधलेली सीडरची खुर्ची आहे.

जूनमध्ये तिचा उजवा हात कुणीतरी कुरतडला.
डावा शाबूत.
पाठ, पाय, बैठक, कुठे ओरखडाही नाही.

भुगा बोटावर घेऊन रेइनो म्हणाला, "खार."
चाळीस वर्षं कागदाच्या गिरणीत काढलेल्या माणसाला
दुसऱ्या कुणी लाकडाचा भुगा केलेला
खपत नाही.

ऑर्विलने दुकानातला पिंजरा पुढे सरकवला:
धरा, गाडीत घाला, नदीपलीकडे सोडा.
मी विचारलं, आणि तिने पुरून ठेवलेले पाइनचे शंकू?
थंडीच्या आत ते कोण पोचवणार तिकडे, तू?
तो गल्ल्यातली चिल्लर मोजत राहिला.

पुतण्या कर्टिस छऱ्यांची बंदूक घेऊन आला.
त्याच्यापुढे ब्लूबेरीचा पाय ठेवला
आणि तो खात होता तोवर
बंदूक त्याच्याच ट्रकमध्ये ठेवून आले.

मग मिरचीचं पाणी.
खार आली, शिंकली, गेली.
रात्री पाऊस. सकाळी खार.
दुसऱ्यांदा शिंपडताना रेइनो विसरला
आणि त्याच हाताने डोळा चोळला.
त्या संध्याकाळी आमच्या अंगणातल्या शिव्या फिनिशमध्ये होत्या,
त्याच्या आजीकडून आलेल्या, अस्सल.
वरच्या फांदीवर बसून तिने सगळ्या ऐकून घेतल्या.

तेव्हा मी खिडकीत बसले.
मांडीवर विणकाम, पण टाका एक नाही,
नुसती बघत.

शनिवारी सौना.
रेइनो वाफाळत बाहेर येतो,
उकडलेल्या बीटासारखा लाल, कमरेला टॉवेल,
आणि धप्पकन खुर्चीत.
डाव्या हातात ताकाचा पेला.
उजवा हात लाकडावर, पाऊण तास,
कोपरापासून बोटांपर्यंत ओघळत.
असे तीस उन्हाळे.

रविवारी उजाडताना ती आली.
दात लावायच्या आधी
तिने लाकूड चाटलं.

"अरे, ती खुर्ची नाही खात,
तुला खातेय!"
खारीला खार हवा होता, एवढंच.

तो बराच वेळ आपला तळहात बघत होता.
"म्हणजे माझंच मीठ, आणि माझीच खुर्ची?
खाल्ल्या मिठाला जागणं वगैरे काही आहे की नाही?"
"जागते की," मी म्हटलं, "रोज पहाटे साडेचारला."

गरम पाणी, व्हिनेगर, ताठ केसांचा ब्रश.
लाकडातून त्याचे तीस उन्हाळे काढताना
मला थोडं कसंतरीच झालं, ते त्याला सांगितलं नाही.
दोन दिवस ऊन, मग तेलाचे दोन हात,
कडेला तांब्याची पट्टी, खिळे त्याने ठोकले, वाकडे.
बर्चच्या बुंध्याशी मी हरणाचं गळून पडलेलं शिंग बांधलं,
मार्चमध्ये बर्फ वितळताना सापडलेलं,
शेजारी उथळ ताटलीत पाणी.
शनिवारी खुर्चीच्या हातावर टॉवेल घालायचा,
नंतर तो आत आणायचा, हा नियम.

चार दिवस ती फिरकली नाही.
पाचव्या दिवशी रेइनोने विचारलं, असंच, कॉफी ढवळत,
"इकडे मांजरबिंजर तर नाही ना आलं कुणाचं?"

आता शिंगाच्या टोकावर दातांच्या बारीक रेघा आहेत.
खुर्चीवरच्या जुन्या खाचा घासायला
मी सँडपेपर घेऊन गेले,
तर त्याने हात आडवा घातला.
"राहू दे. पकड बरी येते."
खरंच, चार बोटं चार खाचांत बसतात,
अंगठा तेवढा मोकळा.

काल सौनानंतर टॉवेल दोरीवरच होता.
तो बसला, उजवा हात टेकवला, डोळे मिटले.
हाक मारायला मी खिडकी उघडली,
आणि थंडी आत आली म्हणून
परत लावून घेतली.