कड

मी दुधराम पेंटर. लाखांदूर फाट्यावर,
पंक्चरच्या दुकानाला टेकून माझे चार पत्रे,
एक स्टूल, आणि डबा हलवला की
आत खुळखुळणारी गोळी.
मडगार्ड, टाकी, ट्रॉलीचा फाळका,
पंचवीस वर्षं लोखंडच.
लोखंड कुरकुर करत नाही.
जवळून मारा, दाबून मारा, उन्हात ठेवा. झालं.

सातवीतली देवयानी कुथे
जेवायच्या पाटावर अख्खं गाव घेऊन आली.
शाळा, बोडी, पाण्याची टाकी, आरोग्य उपकेंद्र,
सगळं पांढऱ्या फोमबोर्डाचं, कटरनं कापलेलं,
नखाएवढ्या खिडक्या.
"काका, फक्त फवारून द्या. परवा प्रदर्शन हाय."

मी आधी उपकेंद्र उचललं
आणि हिरो होंडाच्या टाकीवर मारतो
तसा हात मारला.
भिंत पिवळी झाली, छान झाली,
मग कोपऱ्यातून काहीतरी बारीक चुरचुरलं.
वरचा कागद जागेवर. खालचा कागद जागेवर.
मधलं गायब.
वाळवीनं चौकट खावी
तशी कड आत आत सरकत गेली
आणि मी डबा हातात घेऊन बघत राहिलो.

पोरगी रडली नाही.
तिनं त्या पोकळीत करंगळी घालून पाहिली.
"काका, हे तं बरोबरच झालं.
आपल्या उपकेंद्राची मागची भित अशीच हाय."

तिच्या समोर हसलो. संध्याकाळी मात्र
तिनं ठेवलेल्या तुकड्यांवर बसलो.
कागदाला रंगाचं काही वाटत नाही, हे कळलं.
जिथून पातं फिरलं तेवढंच उघडं,
तेवढंच जळतं.
मग फेविकॉल, पाणी घालून, ताकाएवढा पातळ,
ब्रशनं फक्त कडांना.
वाळू दिला. पुन्हा दिला.
(वाळू देणं मला जमत नाही.
तीनदा बोट लावलं, तीनदा ठसा उठला.)
एक तुकडा मी एकाच बाजूनं भिजवला,
तो पापडासारखा वळला.
मागूनही तेवढीच ओल द्यावी लागते म्हणे,
म्हणे म्हणजे, त्या तुकड्यानंच सांगितलं.

समोरच्या वावरात धानाची मशीन चालू होती.
उडालेलं कुटार ओल्या रंगावर बसायचं
म्हणून मशीन थांबेस्तोवर थांबलो.
रात्री कौतिकानं टॉर्च धरला.
पाणरंगाचा डबा, हातभर अंतर,
फवारा बोर्डाच्या बाहेर सुरू करायचा,
बाहेरच सोडायचा,
मधून नुसतं निघून जायचं.
पहिल्या फेरीत रंग दिसायलाच नको.
"अजून लांब," ती म्हणाली. "अजून.
अजून थोडं हळू."
आणि मग, टॉर्च तसाच धरून,
"माह्याशी बोलतानी बी
इतकाच लांबून बोलत जाजो."
उजेड थोडा हलला. हसत असावी.
मी चौथी फेरी मारली.

सकाळी नवं उपकेंद्र तयार:
सरळ भिंती, कडा धारदार,
खऱ्या इमारतीला कधी लाभला नाही असा पिवळा.
देवयानीनं ते पाटावर ठेवलं,
एक डोळा मिटून पाहिलं,
मग माझ्या स्टुलाखालून
ते खाल्लेलं, पोकळ, जुनंही काढलं
आणि ओढणीच्या टोकात बांधलं.
"ते काहाले नेतं?"
"सरांनी विचारलं तं नवं दाखवीन.
साहेब आले अन् त्याईनं विचारलं
तं हे."

एसटी आली. मांडीवर पाट,
पाटावर गाव, खिडकीशी बसली.
खड्डा आला की दोन्ही हात बोडीवर.

दुपारी एक पोट्टा मडगार्ड घेऊन आला.
मी डबा हलवला, मागे सरकलो,
अजून मागे, रस्त्याच्या कडेपर्यंत,
आणि हवेतच फवारा सुरू केला.
पोट्टा म्हणे,
"काका, रंग संपत आला का?"