चार दशांश

लाउथच्या पुढं, बीटच्या शेतांमधला रस्ता
जिथं दमून थांबायचा, तिथं
युद्धातल्या विमानांची धावपट्टी होती.
विमानं कधीच गेलेली. काँक्रीटच्या भेगांतून
हाडकुळं गवत,
आणि समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्याला
अडवायला मैलभरात एक झाड नाही.

जुने टायर मांडून आम्ही वळणं केली.
बाबांनी गवत कापायच्या यंत्राचं इंजिन
नळ्यांच्या सांगाड्यावर बसवलं.
ते माझ्यासाठी होतं, हे आधीच सांगून टाकतो.
सीट माझ्या मापाची, पेडल माझ्या पायांना पुरणारं.
आमच्या लॉरीवरही लिहिलेलं होतं:
ऑडलिंग आणि मुलगा, बटाट्याचे व्यापारी.

रोवेना नऊ वर्षांची.
तिला न्यायचो प्लग पुसायला
आणि सँडविचवरचे कावळे हाकलायला.

नोव्हेंबरात मला गालगुंड झालं.
मी लॉरीत, मफलरमध्ये, हातात स्टॉपवॉच.
बाबा म्हणाले, इंजिन गार पडायला नको, तू बस गं.
पाठीशी दोन उशा. पेडलांना लाकडाचे ठोकळे.

पहिल्या फेरीत ती टायरांवर आदळली.
दुसऱ्या फेरीतही.
अकराव्या फेरीत, शेवटच्या वळणावर,
जिथं मी ब्रेक दाबायचो
तिथं इंजिनाचा आवाज उतरलाच नाही.
मी वाट पाहत राहिलो तो उतरण्याची.
अजूनही पाहतो, कधी रात्री.

एकेचाळीस पूर्णांक दोन.
माझी आजवरची सर्वांत वेगवान फेरी,
एकेचाळीस पूर्णांक पाच.
"किती?" बाबांनी काचेवर टकटक केली.
गाल सुजलेले, थुंकी गिळवत नव्हती,
तरी जीभ किती सहज वळली:
"एकेचाळीस, सहा."

चार दशांश.
पापणी मिटायला लागतात तेवढे.

मग हातच बसला. आजोबा बटाटे तोलताना
तराजूला करंगळी लावायचे, तसं
वहीत तिच्या प्रत्येक फेरीला मी करंगळी लावायचो.
ती वही वाचायची. रडायची नाही.
वळणापर्यंत चालत जायची, उकिडवी बसून
काँक्रीटवरून हात फिरवायची
घोड्याच्या पाठीवरून फिरवावा तसा,
आणि पुढच्या रविवारी चार दशांश कमी करून आणायची.
मी ते परत वाढवायचो.
माझ्या खोटेपणाच्या मागं ती पळत होती,
आणि तिच्या मागं मी.

यॉर्कशरमधली पहिली खरी शर्यत. पाऊस.
घड्याळ दुसऱ्यांचं.
ती संपवून आली तेव्हा दुसरा नंबर
अजून वळणावर धडपडत होता.
निळ्या रेनकोटातले प्रिडी नावाचे पंच आले:
इंजिन उघडा.
पिस्टन काढला, मोजला, कार्ब्युरेटर उलटा केला,
तासभर चार माणसं वाकून खोट शोधत होती.
खोट माझ्या गळ्यात होती,
दोरीला बांधलेली, टिकटिकत.

हेल्मेट काढून रोवेना माझ्याशी येऊन उभी राहिली.
केसांतून पाणी ठिबकत होतं.
"पण मी तर हळू आहे ना रे?"
एवढंच म्हणाली, घड्याळाकडं बघत.
नंतर कधीच काही विचारलं नाही.

पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे. चषक,
विमानतळावरचे फोटो, टोपीवर बँकेचं नाव.
एकदा कुणी विचारलं, ही घाई आली कुठून?
ती हसली. म्हणाली,
आमच्या घरचं घड्याळ फार कडक होतं.
मी टीव्ही बंद केला. मग पुन्हा लावला.
तोवर हवामान सुरू झालेलं.

वही माझ्याकडं आहे. लॉरीही,
आणि मुलगा अजून दारावर, रंग उडालेला.
धावपट्टी उखडून तिथं आता बीट लावतात.
त्या बाजूनं बटाटे न्यायचे असले
की शेवटचं वळण जिथं होतं तिथं, सपाट सरळ रस्त्यावर,
समोर कुणी नसताना,
माझा पाय ब्रेकवर जातो.