पाण्यात पाहणारी

बाहेर उणे एकोणीस.
समुद्राचा रस्ता झालाय, आणि त्यावर
बादलीएवढ्या भोकापाशी कोणी एक
गळ सोडून बसलाय, पाठ कारखान्याकडे करून.

कोक्कोलाच्या या हवेत पाणी नावालाही नसतं.
म्हणून हिल्का ओयानपेरा
अवघड बाटल्या जानेवारीसाठी राखून ठेवायची.

बेंझॉइल क्लोराइड.
झाकण फिरवलं की तोंडाशी पांढरा धूर.
डोळे आधी भरतात, वास मागून येतो.
नवऱ्याच्या दफनाला मी रडले नाही, हिल्का म्हणाली होती,
इथे मात्र एकतीस वर्षं, दर मंगळवारी.

ही पाण्याला पाण्यात पाहते.
सुईच्या पोटातला दमटपणा, कुपीच्या काचेवरचा,
कॉलममधल्या वाळूने धरून ठेवलेला थेंबभर,
जिथे गाठ पडेल तिथे भांडण,
आणि भांडणाअखेर ती नुसतं आम्ल होऊन बसते.
मग कागदावर दोन शिखरं.
मी लिहिलं: आम्ल, तीन पूर्णांक एक टक्का.

हिल्काने चष्मा कपाळावर चढवला.
कुठे होतं हे? पिंपात, की तुझ्या सुईत?
साप सोडून भुई धोपटू नकोस.

मग मी तिला मेथॅनॉलमध्ये सोडली.
वाटेत बदलणारच आहे,
तर बदल आपणच ठरवून दिलेला बरा.
रात्रभर ठेवलं. सकाळी एकच शिखर, देखणं, सडसडीत.
आम्ल: शून्य पूर्णांक दोन.
मी जिन्यावरून धावत गेलो.

हिल्काने खिशातून डबी काढली,
काळ्या, खारट, नवसागर घातलेल्या गोळ्यांची.
एक स्वतः घेतली, एक मला.
मेथॅनॉल मायाळू आहे, ती म्हणाली.
ही बदलताना जो आम्लाचा वायू सुटतो
तो जुन्या आम्लालाही ढकलतो त्याच रांगेत.
दोघांना एकच कपडे. तू मोजलंस
ते पांघरूण.

तिसऱ्या खेपेला अमाइन.
बर्फात बुडवलेली कुपी, कोरडं असिटोनायट्राइल,
अमाइन हवं त्याहून जास्त, घाई नाही.
तळाशी पांढरा गाळ बसला,
तोंडातल्या गोळीचा लांबचा नातेवाईक.
जी क्लोराइड होती ती अमाइड झाली, तशीच राहिली.
जे आधीच आम्ल होतं
त्याला कोणी विचारलं नाही, ते आम्लच राहिलं.

एक पूर्णांक चार.
पुन्हा केलं. एक पूर्णांक चार.

म्हणजे ते पिंपातच होतं.
माझ्या सुईने त्यात आपलं घातलं होतं खरं,
पण मुळात होतं.

नोंदवहीत पिंपाचा क्रमांक, उघडल्याची तारीख:
ऑगस्ट, सतरा. त्या आठवड्यात
समुद्रावरून धुकं येऊन खिडक्यांना चिकटलं होतं,
आणि इस्पितळातून बहिणीचा फोन आला तेव्हा
मी झाकण नुसतं वर टेकवून
बाहेर गेलो होतो. किती वेळ,
ते आठवत नाही. गाडीत बसून होतो.

तारखेपुढे सही माझी. हिल्काने ती पाहिली.
इथली माणसं विचारलं तेवढंच बोलतात,
आणि हिल्का तर विचारतही नाही.
तिने आकडा लिहिला, खाली रेघ मारली,
डबी माझ्याकडे सरकवली.

गोळीची जिभेवर आधी आग होते,
मग खारट, मग गोड म्हणावं असं काहीतरी.
बर्फावरच्या माणसाने काहीतरी वर ओढलं.
मासा होता की नुसताच गळ,
एवढ्या लांबून कळलं नाही.