आधी काहीही, नंतर काहीही

तांबोळी वकीलबाईंचा फोन आला तेव्हा
मी कामगार पुतळ्याच्या सिग्नलला होते, साडेआठ वाजले होते.
"हौसाबाईंची फाइल गेली गं. कधीतरी. कशीतरी.
सोमवारी तारीख आहे."
फायली अशाच जातात,
कर्ता नसलेल्या वाक्यातून.

बॅकअपचा सर्व्हर तळघरात आहे, पाण्याच्या पंपाशेजारी.
तो प्रत्येक संगणकाला क्लायंट म्हणतो:
वकीलबाईंचा, कारकुनाचा,
झेरॉक्सच्या टेबलावरचा तो खोकणारा डबा, तोसुद्धा क्लायंट.
वरच्या मजल्यावर क्लायंट म्हणजे
मांडीवर पिशवी घेऊन बाकावर बसलेलं माणूस.
खाली त्या माणसाला कुणी ओळखत नाही.

मी विचारलं.
शून्य ओळी.
संगणकाचं नाव लहान अक्षरांत लिहिलं होतं मी;
त्याला मोठी लागतात,
जसं कचेरीत आधी साहेब म्हणावं लागतं.
पुन्हा विचारलं, साहेब म्हणून.
पुन्हा शून्य.

मग कुदळे आठवले.
दत्तोबा कुदळे, बावीस वर्षं टाइपरायटरवर, आठ कीबोर्डवर,
दोनच बोटं, पण टकटक अशी
की शेजारच्या खोलीतलं बोलणं थांबायचं.
हौसा त्यांनी इंग्रजीत कशी लिहिली असेल?
एका शिंदेचे त्यांनी तीन शिंदे केले होते
आणि तिघांना स्वतंत्र फोल्डर.
विचारावं तर ते सासवडला, मुलीकडे,
कानातलं यंत्र काढून ठेवतात, फोन वाजत राहतो.

म्हणून टक्क्याचं चिन्ह.
आधी टक्का, मधे एस ए बी ए आय, नंतर टक्का.
म्हणजे, आधी काहीही असो, नंतर काहीही असो,
मधे एवढं असलं की पुरे.
यापेक्षा नम्र प्रश्न मला येत नाही.

तेरा कोटी ओळींतून तो वाट काढू लागला.
पंख्याचा आवाज चढला.
जमिनीखालून मेट्रो गेली, कॅलेंडर हललं.
मी डब्यातली गार गवार खाल्ली, मग नुसताच डबा बघत बसले.

तीन तासांनी सतरा ओळी.
नाव, आकार, तारीख, टेपचा नंबर.
आत काय लिहिलंय ते नाही, ते त्याला माहीतच नाही.
पण पहिल्या रात्री एकोणीस केबी.
महिन्याने एकतीस. मग एकदम चाळीस:
हजेरीची यादी मिळाली असणार,
पिंपरीच्या त्या बंद कारखान्याची,
जिथल्या कॅन्टीनमध्ये हौसाबाईंनी एकवीस वर्षं पोळ्या लाटल्या
आणि कंपनी म्हणते, ही बाई आमची नव्हेच.
अकराव्या ओळीत अचानक बावीस.
कुणीतरी काहीतरी खोडलं.
दुसऱ्याच दिवशी, रात्री अकरा चाळीसला, पुन्हा त्रेचाळीस.
कुदळे, त्या दिवशी तुम्ही घरी गेलाच नाहीत?

सतराव्या ओळीपुढे: निष्क्रिय.
मुदत: आज, रात्री दोन.
दोनला साफसफाई सुरू होईल, ही ओळ पुसली जाईल.
टेप राहील तशीच, फुरसुंगीच्या गोदामात,
फक्त कुठं बघायचं ते कुणालाच सांगता येणार नाही.
एक वाजायला आला होता.
ते काम मी थांबवलं.
कारणाच्या रकान्यात काय लिहावं सुचेना,
हौसाबाई लिहिलं,
कुदळेंच्या स्पेलिंगात.

वकीलबाई जाग्याच होत्या. "सापडली?"
"कुठं आहे ते सापडलं."
"म्हणजे नाही."
"म्हणजे सकाळी टेप आणायला माणूस पाठवते.
मग ती वाचता यायला हवी. मग फॉन्ट जुना आहे."
पलीकडे थोडा वेळ काहीच नाही. मग त्या म्हणाल्या,
"हौसाबाईंचंही असंच आहे बघ.
मस्टर विचारलं की कपाट सांगतात.
कितव्या खणात, कपाटाला रंग कुठला."
"कुठला?"
"हिरवा. पण दाराची आतली बाजू रंगवायची राहिली होती म्हणे."