पुडी

लेकीच्या साखरपुड्याला महिना उरला
आणि ह्यांनी पालघाटहून फोनवर जाहीर केलं,
तुझ्या अंगठीतला हिरा या खेपेला मोठा करू.
मी कुकरच्या दोन शिट्ट्या होऊ दिल्या.
मग म्हटलं, हिरा आहे तो,
पोरगं आहे का, मोठं करायला?

ऋतुजा आधीच हसून मोकळी झाली होती.
आई, हा हिरा आहे की साखरेचा दाणा?
तिचा तीस सेंटांचा, फोटो आलाय.
माझा किती, कुणाला ठाऊक.
आमच्या विट्यात तेव्हा सेंट कुणाला माहीत होतं,
गुंज होती, तोळा होता,
आणि महिन्याच्या दहा तारखेला मनिऑर्डर.

तेव्हा हे एकवीस वर्षांचे,
चुलत्याच्या ओळखीने गलाईच्या दुकानात.
दिवसभर लोकांचे दागिने मुशीत घालायचे,
पण आधी चिमट्याने खडे उपसायचे.
सोनं वितळतं आणि पुन्हा सोनंच होतं,
हिरा आगीत आंधळा होतो.
गिऱ्हाईक सोन्याचे पैसे मोजून जायचं,
खडे मागे राहायचे, हॉर्लिक्सच्या बरणीत,
लाल, हिरवे, बहुतेक काचेचे.
त्यातला एक शेठने नखावर धरून पाहिला
आणि ह्यांच्या तळहातावर ठेवला.
लग्न ठरलंय ना तुझं? घे.
कागदाच्या पुडीत बांधून हे रेल्वेने घेऊन आले,
दोन रात्री, खिशावर हात ठेवून.

हे मला कळलं चार वर्षांनी,
रेणावीच्या डोंगरावरून उतरताना.
माझी चप्पल तुटली म्हणून थांबलो होतो.
राग यायला हवा होता.
मी इतकंच विचारलं, तिचं नाव काय?
कुणाचं?
जिची अंगठी होती, तिचं.
गलाईवाला नाव विचारत नाही, म्हणाले,
टंच काढतो.

सांगलीला गेलो, तासगावमार्गे,
एसटीत शेजारी शेजारी,
वर्षातनं दोनदा भेटणारी माणसं बसतात तसे.
काउंटरच्या काचेवर ह्यांचे हात:
नखं पिवळी, बोटांच्या रेषा तेजाबाने नेलेल्या.
रेशनच्या मशीनवर ह्यांचा अंगठा उठत नाही,
सगळं घर माझ्या अंगठ्यावर चालतं,
आणि अंगठीचं तेवढं ह्यांनी ठरवायचं.

सराफाच्या पोराने डोळ्याला भिंग लावलं.
काकू, सहा सेंट. कडेला टवका आहे.
याचं आम्ही काही धरत नाही.
ह्यांनी मान हलवली, धंद्यातल्या माणसासारखी,
घट मान्य केल्यासारखी.
मी विचारलं, टवका कधीचा असेल?
पोरगा म्हणाला, ते नाही सांगता येत.

चार काटे उघडले. टिक् आवाज झाला.
रिकामी अंगठी मी उगाच बोटात घालून बघितली.
मधल्या भोकातून माझीच कातडी दिसली,
पांढरी,
सव्वीस वर्षं ऊन न लागलेली.

नवा देखणा आहे, खोटं कशाला बोलू.
दुकानातल्या दिव्याखाली असा पेटला
की मी हात मागे घेतला,
शेजारच्या बाईचा असल्यासारखा.
हे बघत होते. हिऱ्याकडे की माझ्याकडे,
ते मी बघितलं नाही.
भाकरी थापताना तो काढून ठेवावा लागतो,
पदरात अडकतो, रात्री उशीला अडकतो.
जुना कधी कशात अडकला नव्हता.

तिथे काउंटरखाली बरणी होती, काचेची.
पोराचा हात तिकडे वळला
तेव्हा मी म्हटलं, थांब. पुडी बांध.

ती पर्सच्या आतल्या कप्प्यात आहे,
तासगावच्या तिकिटाबरोबर.
वर त्याने पेनाने लिहिलंय, सहा सेंट, टवका.
त्याखाली नावाची एक ओळ छापलेली आहे.
परवा पेन शोधलं.
मग लक्षात आलं, दूध गॅसवर आहे.