अर्धा सेकंद उशिरा

डोरीन हेस्केथ दुपारी अडीचला टीव्ही लावते,
चहाच्या किटलीला लोकरीची टोपी घालते
आणि विनोद ऐकत नाही.
विनोद तिला पाठ आहेत :
घरमालकीण दार उघडणार, पाद्री पुडिंगवर बसणार,
भाडेकरू म्हणणार, "गरम आहे अजून, पाद्रीबाबा."
त्रेपन्न वर्षं तो पाद्री त्याच पुडिंगवर बसतोय.
तिला हवं असतं ते त्याच्या पुढचं :
तीनशे माणसांचं हसू फुटतं, चढतं, ओसरतं,
सगळं निवतं,
आणि मग मागच्या रांगेतून
एकटाच कुणीतरी हसतो,
ओल्या काडीने उशिरा पेट घ्यावा तसा.

तो विल्फ.

विल्फला सगळंच उशिरा ऐकू यायचं.
रॉचडेल डेपोची बावीस नंबरची गाडी,
ड्रायव्हरची एकट्याची काचेची कोठडी
आणि शेजारी, मांडीला मांडी लावून, इंजिन.
एकोणीस वर्षांत त्या इंजिनाने
त्याचा डावा कान खाल्ला.
डोरीन मागे, उघड्या पायरीवर, कंडक्टर,
गळ्यात तिकिटांचं यंत्र, बोटांना तांब्याच्या नाण्यांचा वास.
दोघांच्या मध्ये छप्पन्न उतारू आणि एक काच.
बोलायची सोय नव्हती. दोरी होती.
एक टोला : थांब.
दोन : चल.
तीन : भरली गाडी, आता कुणासाठी थांबू नकोस.
संसारही त्यांनी साधारण तेवढ्याच शब्दांत केला.

त्र्याहत्तरच्या नोव्हेंबरात
मँचेस्टरच्या स्टुडिओला प्रेक्षक हवे होते.
फुकट पास, फुकट सँडविच,
डेपोने अख्खी डबलडेकर भरून पाठवली.
वरच्या मजल्यावर सिगारेटी इतक्या, की रस्त्यावरच्यांना वाटावं
गिरणीच चाकांवर निघालीय.
विल्फने गाडी लावली, टोपी काढली, मागे जाऊन बसला,
आणि पाद्री कशावर बसला ते बायकोला विचारून
मग हसला.

एक्क्याण्णव साली तो गेला.
फोटो पुष्कळ आहेत. आवाज एवढाच.

गेल्या हिवाळ्यात मालिका दुसऱ्या चॅनेलकडे गेली.
त्यांना जाहिरातींना जागा लागते.
पाद्री बसतो, हसू चढतं, आणि लगेच
जिन्यावरून म्हाताऱ्यांना वर नेणारी खुर्ची, सुलभ हप्त्यांत.
डोरीनने पत्र लिहिलं, दोन पानी, वळणदार अक्षरात.
उत्तर आलं : आपला अभिप्राय आम्हांला मोलाचा वाटतो.

हे मला ठाऊक, कारण ती गाडी माझ्याकडे आहे.
म्हणजे आम्हा सात जणांकडे, बंद गिरणीच्या शेडमध्ये.
मधल्या काळात एका शेतकऱ्याने तिच्यात कोंबड्या पाळल्या होत्या,
वरच्या मजल्यावर अजून पिसं सापडतात.
मलईचा नि बाटलीहिरवा रंग मी स्वतः दिला, चार हात.
मे महिन्यातल्या मेळाव्याला डोरीन आली, शहाऐंशीची,
माझा हात नाकारून तिने खांब धरला
आणि चढली.
"सीटांचं कापड चुकलंय," म्हणाली.
खरं होतं.

ड्रायव्हरच्या कोठडीत आमचा गॅरेथ,
वय चोवीस, दोन्ही कान शाबूत.
डोरीनने वर न बघता दोरी शोधली
आणि दोन टोले दिले.

चल.

सगळे गप्प.
एका पोराचं आइस्क्रीम ओठांपाशी थांबलं.
जुना क्लच, नवा पोरगा,
काहीच होत नव्हतं, काहीच,
आणि मग पुढून, काचेपलीकडून,
अर्धा सेकंद उशिरा,
गाडी खळखळली,
तळापासून थेट छतापर्यंत.

डोरीन हसली नाही, रडलीही नाही.
जरा वेळ खांबाला टेकून उभी राहिली,
मग तळहात पुढे करून
तिने माझ्याकडे भाडं मागितलं.