चिमटे

वाल्पाराइसोत सपाट जमीन उधारीवर मिळते.
टेकडीवरचं घर म्हणजे एका जिन्याचा शेवट
आणि दुसऱ्याची सुरुवात.
त्यामुळे आमच्या पाळणाघरात
पाऊल टाकणं आणि पायरी चढणं
हे दोन वेगळे धडे नाहीत.

मिलाराय सतरा महिन्यांची.
अजून बसूनच सरकते, एक पाय दुमडून,
होडी वल्हवावी तसा एक हात टेकत.
आई घाबरलेली. डॉक्टर म्हणाले,
सगळं ठीक आहे, खेळू द्या.

खेळू द्या म्हणायला काय जातं!
मी कपड्यांचे लाकडी चिमटे घेते,
मागच्या दारच्या सात पायऱ्यांवर
एकेक ठेवते.
फार जवळ नाही. फार लांब तर नाहीच.
हाताला वाटावं, मिळेल,
आणि गुडघ्याला कळावं,
आपल्यावाचून नाही.
मग पाठ करून बटाटे सोलत बसते.
बघत नाही असं दाखवायचं
आणि कानांनी बघायचं.

पहिला आठवडा चिमटा तोंडात.
दुसरा आठवडा चिमटा मांजराच्या शेपटीला
(बोटांची पकड आली, मांजर गेलं).
मग एका मंगळवारी
बंदरात जहाजाचा भोंगा वाजला,
वळून बघते तर बाईसाहेब
दुसऱ्या पायरीवर उभ्या!
दोन्ही मुठींत चिमटे,
आधाराला हातच शिल्लक नाही.
पोट पुढे, ढुंगण मागे,
मधोमध सगळी टेकडी तोललेली.
माझ्या हातात सुरी तशीच.
धावले नाही. धावायचं नसतं.
पडली.
पडणंही शिकावं लागतं, ती छान पडली.
इकडेतिकडे पाहिलं,
रडण्यासारखं कोणी दिसलं नाही,
म्हणून पुन्हा.

पाचला तिचे आजोबा येतात, रेमीहियो.
चाळीस वर्षं गोदीत पोती वाहिली,
उजवा गुडघा तिथेच राहिला.
दर दहा पायऱ्यांनी थांबतात, म्हणतात,
समुद्र बघतोय.
धुक्यातही बघतात.

परवा निघताना मिलारायने
माझी चिमट्यांची पिशवी उचलली.
आता चालते ती, दारू प्यायलेल्या खलाशासारखी.
वरच्या पायरीवर एक चिमटा ठेवला
आणि आजोबांकडे पाहिलं.
त्यांनी कठडा धरला, वाकले, उचलला.
तिने पुढचा ठेवला.
त्यांनी समुद्राकडे पाहिलं,
तशी ती पाठ फिरवून बसली,
खोटं खोटं काहीतरी सोलत.

हे मी तिला शिकवलं नव्हतं.

वळणापर्यंत दोघं दिसत होते.
म्हाताऱ्याचा खिसा फुगत चाललेला.
आणि काल माझी दोन फडकी, एक उशीचा अभ्रा
वाऱ्याने सरळ बंदरात नेले.